तारेवरच्या पावत्या

वीस लाखांवर साडेवीस लाखांची मागणी कशी निघते, हे समजायला मला अर्धा तास आणि दोन कप चहा लागले. २०१९ च्या डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. आमच्या कर सल्लागारांनी एका पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. आयकर खात्याच्या साहेबांनी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उत्पन्नात वाढवलेली रक्कम २०,००,०००. त्यावर ६० टक्के कर, म्हणजे १२ लाख. त्या करावर २५ टक्के अधिभार, ३ लाख. वर ३ टक्के सेस, ४५ हजार. झाले १५,४५,०००. मग एप्रिल २०१७ पासून महिन्याला एक टक्का व्याज, तेहेतीस महिन्यांचं, ५,०९,८५०.

"एकूण २०,५४,८५०," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. "दंडाची नोटीस वेगळी येईल."

"म्हणजे ते सगळे वीस लाख सरकारला देऊन टाकले तरी वरचे चोपन्न हजार घालायचे?"

"तसंच म्हणायचं."

हे आयकर कायद्याचं कलम ११५बीबीई, कुठून आला हे सांगता न आलेल्या पैशावरच्या कराचं. नोटबंदीआधी त्याचा दर ३० टक्के होता. नोटा बंद झाल्या ८ नोव्हेंबर २०१६ ला आणि १५ डिसेंबरला कायद्यात दुरुस्ती होऊन दर ६० टक्क्यांवर गेला, तोही त्याच वर्षाला लागू. आम्ही नोटा बँकेत भरल्या तेव्हा हा दर जन्मालाही आला नव्हता. त्या दिवशी मला एवढं कळत नव्हतं. मी फक्त त्या कागदाकडे बघत होतो आणि अण्णांना काय सांगायचं, याचा विचार करत होतो.

आमचं तासगावात कापडाचं दुकान आहे. साड्या, पँटपीस-शर्टपीस, ड्रेस मटेरियल आणि अलीकडे रेडिमेड. दुकान अण्णांच्या नावावर, पॅनही त्यांचंच. आमच्याकडे दिवाळीची विक्री कशी होते, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. तासगाव बेदाण्याचं गाव. दिवाळीच्या तोंडावर बेदाण्याचे सौदे काही दिवस बंद ठेवून व्यापारी शेतकऱ्यांची मागची देणी चुकती करतात, त्याला इथे झिरो पेमेंट म्हणतात. तो पैसा बाजारात येतो तेव्हा धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि २०१६ साली हा व्यवहार जवळजवळ सगळा रोखीचा होता. दिवाळी झाली की अण्णा दुकान चार-पाच दिवस बंद ठेवायचे, जोतिबाला जाऊन यायचे, मग दिवाणजींना घेऊन हिशेब जुळवायचे आणि रोकड एकदम बँकेत भरायची. पन्नास वर्षांची रीत. त्या वर्षी हिशेब जुळवायच्या आधीच रात्री आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली. ११ ते १५ नोव्हेंबर या काळात अण्णांनी चार स्लिपांनी २३,४०,००० रुपये भरले.

पुढे २०१८ च्या सप्टेंबरात स्क्रूटिनीची, म्हणजे रिटर्नच्या तपासणीची, नोटीस आली. प्रश्न सरळ होता : एवढी रोकड कुठून आली? आमच्या सल्लागारांनी पोर्टलवर उत्तर टाकलं, 'दिवाळीच्या रोख विक्रीतून', आणि जोडीला बँक स्टेटमेंट व कॅशबुक. दोन ओळींचं उत्तर. त्यावर मी न वाचता मान डोलावली होती, तेव्हा सगळा दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

त्यावरची साहेबांची ऑर्डर अकरा पानांची होती. त्यातला मुद्दा एकाच तक्त्यात होता. ऑक्टोबर २०१५ ची रोख विक्री १३.८ लाख, ऑक्टोबर २०१६ ची २४.६ लाख. वाढ ७८ टक्के. 'ही वाढ अनैसर्गिक असून विक्री मागाहून फुगवून दाखवलेली आहे. ऑक्टोबरचं व्हॅट रिटर्नही नोटबंदीनंतर भरलेलं असल्याने त्याला पुरावा मानता येत नाही.' ३ लाख ४० हजार मान्य, उरलेले २० लाख कलम ६९ए खाली अघोषित पैसा.

या तक्त्यात एक ढळढळीत चूक होती. ती मला दिसली नाही, सल्लागारांना दिसली नाही, आणि पुढची चार वर्षं कुणालाच दिसली नाही. हे मी आजही स्वतःला माफ करू शकलेलो नाही, कारण कापडवाल्याला ती झोपेतसुद्धा दिसायला हवी होती.

पहिलं अपील आयुक्तांकडे. फॉर्म ३५, फी १,००० रुपये, मुदत ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवस. अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही, हे तेव्हा कळलं. साधारण २० टक्के रक्कम भरली तर बाकीच्या वसुलीला स्थगिती मिळते, असा खात्याचा २०१७ चा आदेश आहे. आम्ही सहा हप्त्यांत ४,११,००० भरले. त्यातले दोन हप्ते लॉकडाऊनमध्ये, दुकानाचं शटर खाली असताना.

त्याच सुमारास 'विवाद से विश्वास' योजना आली होती. वादातला मूळ कर भरा, व्याज आणि दंड माफ. म्हणजे १५,४५,००० भरून मोकळं व्हायचं. सल्लागार म्हणाले, विचार करा. अण्णा एरवी कमी बोलतात, त्या दिवशी मात्र कडाडले. "चोरी केली नाही तर तडजोड कसली?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, अण्णांकडे बघितलं आणि आत गेली. मला ते नीट आठवतं, कारण त्याचा अर्थ मला काही वर्षांनी लागला.

सप्टेंबर २०२० मध्ये अपिलं फेसलेस झाली. मी सल्लागारांना फोन केला.

"आपलं अपील आता कुणाकडे आहे?"

"दिल्लीला."

"दिल्लीत कुणाकडे?"

"ते कळत नाही. कळू नये म्हणून तर योजना आहे."

कल्पना वाईट नाही. साहेबाचं तोंडच दिसत नाही म्हटल्यावर ओळखीपाळखी आणि वशिला आपोआप संपतो. पण नोटीस ई-मेलवर येणार आणि आमच्या पॅनला जोडलेला ई-मेल होता सल्लागारांच्या ऑफिसातल्या एका मुलाचा. तो मुलगा २०१९ मध्येच नोकरी सोडून पुण्याला गेला होता. तीन नोटिसा त्याच्या इनबॉक्सात पडून राहिल्या. १७ फेब्रुवारी २०२३ ला अपील फेटाळलं गेलं : 'अपीलकर्त्यास वारंवार संधी देऊनही प्रतिसाद नाही.' आम्हाला पत्ता लागला सप्टेंबरात, अण्णांचा पुढच्या वर्षाचा अकरा हजारांचा रिफंड जुन्या मागणीत वळता झाल्याचा एसएमएस आला तेव्हा.

मग पुणे. एका मित्राच्या ओळखीने एका वकीलबाईंकडे गेलो. आधी सीए, नंतर एलएलबी केलेल्या, गेली बावीस वर्षं फक्त टॅक्सची कामं. माझ्या डोक्यात गोंधळ होता की यासाठी सीए लागतो की वकील. त्यांनी दोन वाक्यांत मोकळा केला : आयकर अपील न्यायाधिकरणात, म्हणजे आयटीएटीत, दोघंही उभे राहू शकतात, उच्च न्यायालयात फक्त वकील. "पण तुमची केस उच्च न्यायालयात जाऊन उपयोग नाही. तिथे फक्त कायद्याचा प्रश्न चालतो. काय घडलं, काय नाही, हे ठरवणारी शेवटची जागा ट्रिब्युनल. तिथे चुकलात तर संपलं."

मी फाइल पुढे केली. त्यांनी ती उघडलीच नाही.

"कायदा मला येतो. तुम्ही मला तुमची दिवाळी सांगा."

मी सांगितली. झिरो पेमेंट, धनत्रयोदशी, सुरतेचा माल, जोतिबा, सगळं. त्या मधूनमधून लिहून घेत होत्या. मग त्यांनी ऑर्डरमधला तक्ता उघडला, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"२०१५ ची दिवाळी कधी होती?"

लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबर. २०१६ चं ३० ऑक्टोबर.

मी अक्षरशः कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी दिवाळी नसलेला ऑक्टोबर दिवाळी असलेल्या ऑक्टोबरशी ताडून बघितला होता. आमची नोव्हेंबर २०१५ ची रोख विक्री होती २२.९ लाख. दिवाळीला दिवाळी लावली तर वाढ सात-साडेसात टक्के, म्हणजे साड्यांचे भाव वाढले तेवढीच.

"आता हे सिद्ध करायचं," त्या म्हणाल्या. "आणि त्याआधी दार उघडून घ्यायचं."

दार म्हणजे उशीर. ट्रिब्युनलात यायला तेव्हा ६० दिवसांची मुदत होती. आम्ही ९ ऑक्टोबर २०२३ ला फॉर्म ३६ भरला तेव्हा मुदत संपून १७४ दिवस उलटून गेले होते. उशीर माफ करावा म्हणून अर्ज, सोबत अण्णांचं प्रतिज्ञापत्र. ई-मेल कुणाचा होता, तो मुलगा कधी गेला, आम्हाला कधी कळलं, सगळं तारीखवार. मॅडमनी एकच बजावलं, "कुणाला शिव्या घालायच्या नाहीत. जे झालं तेवढंच लिहायचं." फी १०,००० रुपये. ठरवलेल्या उत्पन्नाच्या एक टक्का, पण दहा हजारांच्या वर नाही, असा नियम आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिली सुनावणी. पहाटे चारला तासगाव सोडलं. कोर्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गर्दी, हातकड्या आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या येतात. इथलं सगळं वेगळं. शांत खोली, काळे कोट, प्रत्येकाच्या हातात जाडजूड पेपर बुक, म्हणजे केसच्या कागदांचा बांधलेला गठ्ठा, भिंतीवर ब्रीदवाक्य : निष्पक्ष सुलभ सत्वर न्याय. ही संस्था १९४१ ची, आपल्या देशातल्या सगळ्या ट्रिब्युनल्सच्या आधीची. म्हणून वकील तिला मदर ट्रिब्युनल म्हणतात. आमचं उत्पन्न पन्नास लाखांच्या आत, म्हणून एकाच सदस्यापुढे सुनावणी. खात्याच्या बाजूने बोलणाऱ्या अधिकाऱ्याला डीआर म्हणतात. आमचा नंबर सतरावा होता आणि काम सात मिनिटांत आटोपलं. मॅडमनी १९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगितला, की तांत्रिक उशीर आणि खरा न्याय यांत निवड करायची वेळ आली तर न्यायाचं पारडं जड. डीआरनी फारसा विरोध केला नाही. संपलं.

तीन आठवड्यांनी ऑर्डर आली. मी मोबाइलवर थेट शेवटचं पान काढलं. शेवटची ओळ होती : अपील मंजूर. पुढेही तीन-चार शब्द होते, ते मी वाचले पण मेंदूपर्यंत गेले नाहीत. बाजारातून दोन किलो पेढे आणले. दुकानातल्या पोरांना, शेजारच्या सोनाराला, बँकेतल्या मॅनेजरला, सगळ्यांना वाटले. अण्णांच्या हातावर ठेवला. मग मॅडमना फोन केला.

"अभिनंदन कसलं?" त्या म्हणाल्या. "पुढचे शब्द वाचा."

'सांख्यिकीय कारणांसाठी मंजूर.' म्हणजे ट्रिब्युनलाने आमचं म्हणणं खरं की खोटं यावर अवाक्षर काढलेलं नव्हतं. ऐकून न घेता अपील फेटाळलं म्हणून प्रकरण परत आयुक्तांकडे पाठवलं होतं, शिवाय बेपर्वाईबद्दल आम्हाला ५,००० रुपये भरायला लावले होते. निकाली निघालेल्यांच्या यादीत एक आकडा वाढला, म्हणून सांख्यिकीय. पेढ्यांचे पैसे धरले तर ती मंजुरी मला सहा हजारांना पडली.

पण दार उघडलं होतं. आता पुरावा.

मॅडमचं म्हणणं असं : विक्री झाली हे थेट दाखवता येत नाही, कारण गिऱ्हाइकाचं नाव रोख पावतीवर नसतं. मग उलटीकडून जायचं. माल आला होता का? आला. आता आहे का? नाही. मग तो विकला गेला. नोटा बंद होणार हे सप्टेंबरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात माल आल्याचे कागद हाच खरा पुरावा. सुरत, इचलकरंजी, मालेगावच्या खरेदीची बिलं होती, चेकने पैसे गेल्याच्या नोंदी होत्या. "पण बिल कुणीही बनवतो," त्या म्हणाल्या. "गठ्ठा गाडीतून उतरल्याचं काही आहे?"

होतं. माळ्यावर. अण्णांच्या दुकानात जुन्या पद्धतीची लोखंडी तार आहे, खाली लाकडी गट्टू आणि वर अणकुचीदार टोक. ट्रान्सपोर्टची पावती आली, हमाली चुकती केली की अण्णा ती तारेला टोचायचे. वर्ष संपलं की तार तशीच्या तशी माळ्यावर आणि नवी तार खाली. मी दरवर्षी कटकट करायचो, अण्णा, रद्दी झालीय. २०१६-१७ ची तार धूळ झटकून खाली उतरवली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ६२ पावत्या, आल्या त्या क्रमाने, प्रत्येकीच्या मधोमध गंजाची कडी असलेलं भोक. बऱ्याच पावत्यांच्या मागे अण्णांच्या अक्षरात 'हमाली ४०', 'गठ्ठा ओला, कळवले'. त्या झेरॉक्ससाठी सोडवताना शेवटच्या दहा-बारा पावत्या तारेला इतक्या चिकटल्या होत्या की मी त्या तशाच ठेवल्या आणि तारेसकट फोटो काढला.

व्हॅट रिटर्नचंही एक गंमतीदार. साडी आणि कापड तेव्हा करमुक्त होतं, रेडिमेडवर व्हॅट होता. पण रिटर्नमध्ये करमुक्त विक्रीलाही एक रकाना असायचा. कुणी त्याकडे ढुंकून बघत नसे, कारण त्यातून कर निघत नाही. त्या रकान्यात सलग चार वर्षं दिवाळीच्या महिन्यात आकडा उसळलेला दिसत होता : २०१३ मध्ये नोव्हेंबरात, २०१४ मध्ये ऑक्टोबरात, २०१५ मध्ये नोव्हेंबरात, २०१६ मध्ये ऑक्टोबरात. दिवाळी सरकेल तसा आकडा सरकत होता.

याच बैठकीत मॅडम बिलबुकं चाळता चाळता थांबल्या.

"२ नोव्हेंबरचं शेवटचं बिल ४८१६. पुढचं ४८१७, ते १४ तारखेचं. मग ३ ते ७ नोव्हेंबरला कॅशबुकात १,४८,५०० ची विक्री कशी? बिलं कुठायत?"

मला घाम फुटला. ३ ते ७ तर आम्ही जोतिबाला होतो. दुकान बंद होतं.

"घरी विचारून या," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

घरी आल्यावर अण्णांना विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर आईने दिलं.

"ते माझे."

भिशीचे, शिवणाचे, माहेरच्या ओवाळणीचे, भाजीतून वाचवलेले. उडदाच्या डब्यात तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत. नोटा बंद झाल्याचं कळल्यावर तिने रात्रीच पिशवी अण्णांपुढे ठेवली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि ती पिशवी अण्णांनी पहिल्यांदा बघितली. आईच्या नावावर बँकेत खातंच नव्हतं. अण्णांनी दिवाणजींना सांगितलं, मधल्या दिवसांच्या विक्रीत धरून टाका. विवाद से विश्वासच्या वेळी ती दारात काय बोलायला आली होती, ते मला तेव्हा कळलं.

आणि यातली दैवगती बघा. ज्यांचा धंदा नाही अशांनी अडीच लाखांपर्यंत भरलेल्या रोकडीची चौकशी करू नये, अशा खात्याच्याच सूचना फेब्रुवारी २०१७ मध्ये निघाल्या होत्या. आग्र्याच्या ट्रिब्युनलाने २०२१ मध्ये एका गृहिणीच्या बाबतीत तर स्पष्टच म्हटलं, की बाईने संसारातून वाचवलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या पैशाला उत्पन्न म्हणता येणार नाही. आईने स्वतःच्या नावाने भरले असते तर कुणी हिंग लावून विचारलं नसतं.

मॅडमना फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील गप्प बसा, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या म्हणाल्या, "ही रक्कम आपण सोडायची. आग्रह नाही म्हणून स्वतःहून सांगायचं."

"पण आईचे आहेत असं सांगितलं तर?"

"वहीत विक्री लिहिलीय आणि आता आईचे म्हणायचे? मग बाकीची वही तरी का खरी मानावी, असं डीआर विचारतील. आणि बरोबर विचारतील."

दिल्लीला सगळं पाठवलं. नवे कागद म्हणून तिथून ते मूळ अधिकाऱ्याकडे अहवालासाठी गेले, परत आले. मार्च २०२५ मध्ये आयुक्तांची ऑर्डर. ८ लाख वजा, १२ लाख कायम. का ८ आणि का १२, याचं एक ओळीचंही गणित नाही. 'एकंदर परिस्थिती विचारात घेता.' आंबा बघून पाडाचा अंदाज करावा तसं.

परत ट्रिब्युनल. आता मी सराईत झालो होतो. जिन्याखाली चहा कुठे चांगला मिळतो तेही कळलं होतं. या वेळी पेपर बुक १८६ पानांचं. त्यात १४१ आणि १४२ ही कालनिर्णयची पानं होती, नोव्हेंबर २०१५ आणि नोव्हेंबर २०१६. आमच्याकडे जुनी कालनिर्णयं फेकत नाहीत, कारण आई त्यावर दुधाचा हिशेब लिहिते. मला खरं तर ऑक्टोबर २०१६ चं पान जोडायचं होतं, लक्ष्मीपूजन त्यावरच आहे. मॅडमनी तेही जोडलं, पण नोव्हेंबरचंही काढू दिलं नाही. त्या पानावर ३ ते ७ च्या चौकोनांतून आईच्या अक्षरात आडवी रेघ आणि वर 'जोतिबा. दूध नको.'

सुनावणी वीस मिनिटं चालली. सदस्यांनी पावत्यांच्या झेरॉक्स उलटल्या आणि विचारलं, प्रत्येक पानाच्या मधोमध हा काळा ठिपका कसला? मॅडमनी फोटो दाखवला, तारेसकट. ते किंचित हसले आणि म्हणाले, माझ्या वडिलांच्या दुकानात होती अशी. मग दिवाळीचा मुद्दा. डीआर तयारीनिशी आले होते. ते म्हणाले, दिवाळी सरकली हे ठीक, पण विक्री खरी कशावरून? मॅडमनी स्टॉकचा तक्ता ठेवला, विशाखापट्टणम खंडपीठाचा २०२१ चा एका सराफी पेढीचा निकाल ठेवला : विक्री एकदा नफ्यात धरून तिच्यावर कर घेतल्यावर तीच रक्कम पुन्हा अघोषित म्हणून करपात्र करता येत नाही. आणि मग, कुणी विचारायच्या आधी, पान १४२ उघडायला सांगितलं.

"३ ते ७ नोव्हेंबर दुकान बंद होतं. त्या दिवसांची १,४८,५०० ची विक्री आम्ही सिद्ध करू शकत नाही. तेवढ्यापुरता आमचा आग्रह नाही."

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. डीआरनी पान उलटलं, रेघ बघितली आणि खाली बसले. मला वाटतं, आमची केस त्या क्षणी निकाली निघाली. पण हे माझं मत. मॅडमना विचारलं तर त्या म्हणतात, केस स्टॉकच्या तक्त्यावर जिंकली.

त्या १,४८,५०० वर दर कुठला, हा शेवटचा मुद्दा. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटलं आहे, की ६० टक्क्यांचा वाढीव दर १ एप्रिल २०१७ पासूनच्या व्यवहारांना लागतो, आधीच्यांना जुनेच ३० टक्के. ट्रिब्युनलाने ते मान्य केलं. ऑर्डर नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला आली. या वेळी मी शेवटची ओळ चार वेळा वाचली : अंशतः मंजूर. सांख्यिकीय वगैरे काही नाही. पेढे आणले नाहीत.

अण्णांना ऑर्डर वाचून दाखवली. त्यांनी फक्त विचारलं, "तार परत दिली का त्यांनी?" तार आमच्याकडेच होती, कोर्टात गेला होता फोटो. आईने विचारलं, तिच्या पैशावर किती कर बसला. तीस टक्के अधिक सेस, ४५,८८६, वर व्याज.

"आणि मूळचे कुठायत?"

हा प्रश्न नऊ वर्षांत कुणालाच पडला नव्हता. ते दुकानाच्या खात्यात विक्री म्हणून गेले आणि माल होऊन आले, विकले गेले, परत माल झाले. दुसऱ्या दिवशी तिला बँकेत नेलं, खातं काढलं आणि दुकानाच्या खात्यातून १,४८,५०० तिच्या नावावर केले. कर मी कापला नाही. घरी आल्यावर तिने पासबुक कुठे ठेवलं, ते मी विचारलेलं नाही.

आता खात्याने ट्रिब्युनलाच्या ऑर्डरप्रमाणे हिशेब करून आमचे जादा पैसे परत करायचे. त्यासाठी अर्ज केला, दोनदा आठवण दिली. गेल्या आठवड्यात हिशेबाचा कागद आला. १,४८,५०० वर कर लावलाय बरोबर, पण ६० टक्क्यांनी. मी मॅडमना फोन लावला.

"१५४ खाली दुरुस्तीचा अर्ज टाकू," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पोर्टलवर ई-मेल कुणाचा आहे, ते आधी बघा."

माझाच होता. तरी मी पुन्हा लॉगइन करून बघितलं.